एक डोळा झाकून पाहा

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमचा भाचा एका सरकारी भरतीत लेखी परीक्षा पास झाला. मैदानी चाचणीतही उतरला. मेहुणे खासगी ठिकाणी सुरक्षारक्षक, बहीण दोन घरची कामे करते. घरातला पहिला सरकारी नोकर होणार म्हणून बहिणीने चाळीत पेढे वाटले. आम्हीही कार्यालयातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून पेढा खायला गेलो.

आठ दिवसांनी वैद्यकीय तपासणी झाली आणि पोरगा मान खाली घालून घरी आला. कागदावर लिहिले होते : उजवा डोळा सहा-सहा, डावा डोळा सहा-साठ, चष्म्याने सुधारणा नाही, अपात्र. सहा-साठ म्हणजे काय? चांगल्या डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून ओळखता येते, ते ओळखायला या डोळ्याला सहा मीटरवर यावे लागते. तक्त्यावरचे सर्वांत वरचे, सर्वांत मोठे अक्षर तेवढे दिसते.

बहीण म्हणाली, "दादा, काहीतरी घोळ झालाय. पोरानं जन्मात कधी डोळ्याची तक्रार केली नाही. बारावी झाला, क्रिकेट खेळतो, रात्रभर मोबाईल बघतो."

आम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्याचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरचे वाचायला सांगितले. भाचा गप्प. मग हळूच म्हणाला, "मामा, पाटी आहे एवढं दिसतंय. तिच्यावर काय लिहिलंय ते नाही दिसत."

बावीस वर्षांचा मुलगा. आपला डावा डोळा एकटा किती पाहतो हे त्याला त्या दिवशी प्रथम कळले. त्याच्या आईला, बापाला आणि मामालाही तेव्हाच कळले.

डॉक्टर म्हणाले, "डोळा निरोगी आहे. मोतीबिंदू नाही, पडदा चांगला आहे, शीर चांगली आहे. पण लहानपणीच मेंदूने हा डोळा बाजूला टाकला. याला आळशी डोळा म्हणतात. पाच वर्षांचा असताना आणला असता तर बहुधा काम झाले असते."

वाचकहो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. गेली पंधरा वर्षे आम्ही वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदूच्या शिबिरांना नेत आहोत. नावे लिहून घेणे, रिक्षा ठरवणे, शस्त्रक्रियेनंतर काळा चष्मा लावून घरी सोडणे, सारे केले. पण घरातल्या लेकराचा एक डोळा झाकून पाहावे हे आमच्या ध्यानात आले नाही. निरोगी डोळा न पाहणारा कसा असू शकतो, हा प्रश्न आम्हाला पडला तसा तुम्हालाही पडला असेल. त्याचे उत्तर मिळवायचे तर डोळा कसा बनला आहे आणि पाहणे कसे घडते, हे मुळापासून समजून घेतले पाहिजे.

उजेड आत येतो

प्राचीन ग्रीस देशातील अनेक विद्वान असे मानत की, डोळ्यातून किरण बाहेर पडतात, वस्तूला जाऊन भिडतात आणि म्हणून वस्तू दिसते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने याच्या उलट मांडणी केली. उजेड वस्तूवर पडतो, तिथून उसळतो आणि डोळ्यात शिरतो, म्हणून आपल्याला दिसते. मिट्ट काळोखात डोळे कितीही फाडून पाहिले तरी काही दिसत नाही, ते यामुळेच.

यातून आणखी एक गोष्ट उघड होते. डोळ्यातून कोणतीही शक्ती बाहेर पडत नाही. मग एखाद्याच्या पाहण्याने लेकराला दृष्ट लागणार कशी? मीठ-मिरच्या ओवाळण्यात आणि गालाला काजळाचा टिळा लावण्यात जो वेळ जातो, तो लेकराच्या डोळ्याकडे नीट पाहण्यात जावा, असे आमचे सांगणे आहे.

पुढचा दरवाजा

मोठ्या माणसाचा डोळा हा सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. मोठ्या लिंबापेक्षाही लहान. त्याचा बराचसा भाग कवटीच्या खोबणीत सुरक्षित असतो. आपल्याला दिसतो तो फक्त पुढचा दर्शनी भाग.

अगदी पुढे घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक आवरण असते. त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी ते जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. असती तर काचेवर लाल रेघा ओढल्यासारखे झाले असते. रक्त नाही, म्हणून त्याला लागणारा प्राणवायू अश्रूंच्या पातळ थरातून थेट हवेतून मिळतो. डोळे सतत ओले का असतात आणि आपण मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी का मिटतो, ते आता ध्यानात येईल. किरणांना वळवून एकत्र आणण्याचे दोन-तृतीयांश काम हे पारपटलच करते.

त्याच्या मागे रंगीत पडदा असतो, ते बुबुळ. आपल्याकडे बहुधा काळे-तपकिरी. त्याच्या मधोमध जे काळे छिद्र दिसते, ती बाहुली. बाहुली ही वस्तू नव्हे, ते भोक आहे. आरशासमोर उभे राहून दिवा लावा-विझवा. उजेडात बाहुली आकसते, अंधारात पसरते. दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत ती लहान-मोठी होऊ शकते. किती उजेड आत घ्यायचा, हे ती ठरवते.

बाहुलीच्या मागे भिंग असते. काचेचे भिंग कडक, हे लवचीक. जवळचे पाहताना त्याच्याभोवतीचे स्नायू त्याला फुगीर होऊ देतात, दूरचे पाहताना ते चपटे होते. वयाबरोबर ते ताठर होत जाते. चाळिशी लागते म्हणजे हेच होते. आम्ही कार्यालयात खतावणीची वही हात लांब करून वाचू लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावरचे सहकारी हसले होते. हेच भिंग पुढे गढूळ झाले की त्याला मोतीबिंदू म्हणतात. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरने १९४९ साली लंडनमध्ये प्रथम केली. म्हातारपणी आलेला मोतीबिंदू असा काढता येतो आणि दृष्टी परत येते. पण लहानपणी जे हुकते ते असे सहज परत येत नाही. ते का, हे पुढे पाहू.

मागचा पडदा

डोळ्याच्या आतली मोठी पोकळी स्वच्छ, घट्ट द्रवाने भरलेली असते. तिच्या मागच्या भिंतीवर आतून एक पातळ पडदा पसरलेला असतो. तो दृष्टिपटल. बाहेरच्या दृश्याचे चित्र यावर उमटते, तेही उलटे. झाडाचा शेंडा खाली आणि बुंधा वर. योहानेस केप्लर या जर्मन शास्त्रज्ञाने १६०४ साली हे गणिताने मांडले.

या पडद्यावर उजेड ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी आहेत. एका डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी आणि सुमारे ६० लाख शंक्वाकार पेशी. शंक्वाकार पेशी रंग आणि बारकावे पाहतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. म्हणून चांदण्यात लाल साडी काळपट दिसते.

दंडाकार पेशींमध्ये उजेड टिपणारे जे द्रव्य असते, ते तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. दिवेलागणीला लेकरू चाचपडू लागते. कमतरता वाढली तर पुढचे पारपटलही कोरडे पडून विरघळते आणि कायमचे अंधत्व येते. शेवग्याचा पाला, मेथी, माठ, लाल भोपळा, गाजर, पपई, अंडी, कलेजी यांतून हे जीवनसत्त्व मिळते. भाजीला थोडे तेल असावे, म्हणजे ते अंगी लागते. शिवाय नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत बालकाला अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. ते चुकवू नयेत.

बारनिशी आणि साहेब

आता मुख्य गोष्ट. चित्र पडद्यावर उमटले म्हणजे दिसले, असे नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे, टेबलावर काम करणारे. आमच्या भाषेत सांगतो. डोळा म्हणजे कार्यालयातील आवक बारनिशी. बाहेरचे टपाल तिथे येते, नोंद होते, थोडक्यात टिपण तयार होते आणि ते आत साहेबांकडे जाते. निर्णय साहेब घेतात. इथे साहेब म्हणजे मेंदू. १२ कोटींहून अधिक पेशींनी टिपलेल्या उजेडाचे टिपण पडदा स्वतःच करतो आणि ते दहा लाखांहून अधिक तंतूंच्या एका जुडग्यातून मेंदूकडे पाठवतो. ते जुडगे म्हणजे डोळ्याची शीर. दोन्ही डोळ्यांच्या शिरा वाटेत एकत्र येतात, त्यांतले अर्धे-अधिक तंतू बाजू बदलतात आणि निरोप शेवटी मेंदूच्या मागच्या भागात, मानेच्या वरच्या बाजूला पोचतो. पाहणे घडते ते तिथे. पडद्यावरच्या उलट्या चित्राचा सुलटा अर्थ लागतो तोही मेंदूतच.

साहेब किती मनाचे राजे असतात, ते एका प्रयोगाने पाहा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या सरळ रेषेत उजवीकडे सुमारे आठ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे टक लावा आणि कागद सुमारे फूटभर अंतरावर धरून हळूहळू पुढे-मागे करा. एका जागी ठिपका नाहीसा होतो!

कारण असे की, शीर जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे पडद्यावर उजेड ओळखणाऱ्या पेशीच नाहीत. तो अंधबिंदू. एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात तो शोधला. गंमत अशी की, ठिपका गेला तरी तिथे काळे भोक दिसत नाही. कोरा कागदच दिसतो. मेंदू आजूबाजूचा रंग घेऊन ठिगळ लावतो. आणि दोन्ही डोळे उघडे असले की एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो.

आमच्या भाच्याचे नेमके हेच झाले होते. उजव्या डोळ्याने डाव्याची सारी कामे केली. म्हणून त्याने कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची तर आधी आपल्याकडे काहीतरी कमी आहे हे कळावे लागते.

पाहणे शिकावे लागते

चालणे, बोलणे आपण शिकतो हे सर्वांना माहीत आहे. पाहणेही शिकावे लागते, हे फार थोड्यांना माहीत असते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला फूटभरापलीकडचे सारे धूसर दिसते. पाजताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो, तेवढेच त्याला बरे दिसते. तीन ते पाच महिन्यांत दोन्ही डोळ्यांची चित्रे एकत्र करून खोली ओळखण्याचे काम मेंदू शिकू लागतो. हे शिकणे पुढची काही वर्षे चालते आणि मग ती पाठशाळा हळूहळू बंद होत जाते.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत मांजराच्या पिलांवर प्रयोग केले. पिलाची एक पापणी जन्मानंतर लवकरच शिवून टाकली आणि काही महिन्यांनी उघडली. डोळा ठणठणीत होता. पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याच्या निरोपाला जवळजवळ प्रतिसादच देत नव्हत्या. बंद डोळ्याची जागा उघड्या डोळ्याने बळकावली होती. मोठ्या मांजराची पापणी तितकेच दिवस बंद ठेवली, तर असे काही झाले नाही. म्हणजे ज्या वयात मेंदू शिकतो, त्याच वयात हे नुकसान होते. या दोघांना १९८१ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

माणसाच्या लेकरात हे तीन कारणांनी घडते. एक, तिरळेपणा. दोन डोळे दोन दिशांना पाहतात, दोन चित्रे जुळत नाहीत, मग मेंदू एक चित्र फेकून देतो. दोन, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक. एकाचे चित्र स्वच्छ, दुसऱ्याचे धूसर. साहेब स्वच्छ टिपणावर सही करतात आणि धूसर टिपण कायमचे बाजूला ठेवतात. तीन, डोळ्यावर आडपडदा. जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुलीवर उतरलेली पापणी. यांपैकी दुसरे कारण सर्वांत फसवे. लेकराचे डोळे दिसायला सरळ, सुंदर असतात. आमच्या भाच्याच्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून मोठा अधिकचा नंबर होता. कुणाला कळणार?

वेळीच कळले तर उपाय साधा आहे. योग्य नंबरचा चष्मा, आणि जरूर पडल्यास दिवसाचे काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. चांगला डोळा झाकला की मेंदूला दुसऱ्याचे टपाल वाचावेच लागते. मोतीबिंदू किंवा उतरलेली पापणी असेल तर आधी शस्त्रक्रिया. सात वर्षांच्या आत सुरुवात केली तर गुण सर्वांत चांगला येतो. त्यानंतर कमी होत जातो, पण लगेच शून्य होत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीही अनेकांना उपचारांनी फायदा झाला. म्हणून मूल दहा-बारा वर्षांचे झाले असेल तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये.

घरी काय करावे

भिंतीवर दिनदर्शिका असतेच. मुलाला दहा फुटांवर उभे करा. एक डोळा पळीने किंवा तळहाताने झाका, दाबू नका. तारखा वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाका. दोन्ही वेळी सारखेच वाचता आले पाहिजे. वाचता न येणाऱ्या लहान मुलाचा एक-एक डोळा आळीपाळीने झाकून पाहा. एक झाकला की खेळत राहते आणि दुसरा झाकला की रडते, हात ढकलते, तर समजावे की उघडा राहिलेला डोळा नीट पाहत नाही. मात्र घरच्या चाचणीत सारे ठीक दिसले तरी शाळेत जाण्यापूर्वी एकदा डॉक्टरांची तपासणी करून घ्यावीच.

बाळ चार महिन्यांचे झाल्यावरही डोळे तिरळे राहत असतील तर दाखवावे. तिरळेपणा भाग्याचा असतो किंवा मोठेपणी आपोआप जातो, या समजुती सोडून द्या. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर एक दिवसही थांबू नका. तो मोतीबिंदू असू शकतो आणि क्वचित कर्करोगही असतो. डोळ्यात मध, दूध, कसलाही रस किंवा ओळखीच्याने दिलेले थेंब घालू नयेत. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. आपल्या शाळेत पथक कधी येणार, हे मुख्याध्यापकांना विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

ज्याचा एकच डोळा चांगला आहे, त्याने तो जिवापाड जपावा. वेल्डिंग, लेथ, फोडाफोडी अशा कामांत संरक्षक चष्मा लावल्याशिवाय हात घालू नये. आणि भरतीचा अर्ज भरण्याआधी जाहिरातीतील दृष्टीच्या निकषाची ओळ वाचावी. निरनिराळ्या पदांना निरनिराळे निकष असतात. आमचा भाचा आता तशी ओळ वाचूनच अर्ज भरतो.

मागच्या रविवारी आम्ही वस्तीतल्या विहारात मुले जमवली. पळी हातात घेऊन भाचाच उभा राहिला. एकतीस मुले पाहिली. चौघांना डॉक्टरांकडे पाठवले. त्यांत पाच वर्षांची एक मुलगी होती. उजवा डोळा झाकला तर "एक, सात, नऊ" असे खणखणीत वाचत होती. डावा झाकला तेव्हा तिने मान वळवली, मग पळीच्या कडेने चोरून पाहू लागली. भाचा खाली बसला आणि तिला म्हणाला, "नाही दिसत ना? सांग, कुणी रागावणार नाही."

तिला चष्मा लागला, पट्टीही सुरू झाली. परवा तिची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, पोरीला पट्टी बांधली तर लोक काणी म्हणून हसतात. शाळेतून आली की ती स्वतःच काढून टाकते." आम्ही म्हटले, "ताई, आज चार लोक हसतील. पट्टी काढली तर एक डोळा जन्मभरासाठी जाईल." मग भाच्याने लाल शाईने त्या पट्टीवर एक फूल काढून दिले. आता शेजारची दोन मुलेही पट्टी मागत आहेत, असे ऐकतो.

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, हा अंक बाजूला ठेवा. घरातल्या सर्वांत लहान मुलाला हाक मारा आणि त्याचा एक डोळा झाकून पाहा. मग दुसरा.